मापाड्याची भागीदारी : दूरसंचार कंपन्यांच्या परस्परबिलांसाठी होणाऱ्या सॉफ्टवेअर-करारांची चिकित्सा (विशेष संदर्भ : पुणतांबा)

सारांश

एका दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून निघालेला कॉल दुसरीच्या जाळ्यात संपतो, तेव्हा त्या दोन कंपन्यांमध्ये देण्याघेण्याचा हिशेब उभा राहतो. हा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर बहुधा तिसरी कंपनी पुरविते आणि या पुरवठ्याला व्यवसायाच्या भाषेत 'भागीदारी' म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या भागीदारीकडे बाजार समितीतील मापाड्याच्या दृष्टांतातून पाहिले आहे. मापाड्याची तटस्थता त्याच्या सचोटीइतकीच त्याच्याभोवतीच्या रचनेवर अवलंबून असते. परस्परबिलांच्या व्यवहारात ही रचना ग्राहकाच्या दृष्टीआड राहिली आणि हिशेबाचे सूत्र बदलले तेव्हा त्याचा भार प्रामुख्याने फोन 'घेणाऱ्या' ग्रामीण ग्राहकावर पडला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : परस्परबिल, आंतरजोडणी वापर शुल्क, कॉल-नोंद, सॉफ्टवेअर पुरवठा, मापाडी, ग्रामीण ग्राहक

१. प्रास्ताविक

पुणतांबा हे गोदावरीकाठचे गाव अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात मोडते. चांगदेव महाराजांची समाधी, दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे फाटा फुटणारे रेल्वे जंक्शन आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेला शेतकरी संप या तीन गोष्टींनी हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. मालाचा भाव कोणी ठरवावा आणि मोजमाप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

दूरसंचार कंपन्यांच्या हिशेबवहीत मात्र हे गाव निराळ्या रूपात नांदते. मोबाईल सेवेच्या दृष्टीने ते 'महाराष्ट्र' परवाना-क्षेत्राचा एक बिंदू आहे. या क्षेत्रात गोव्याचा समावेश होतो, मुंबई मात्र वेगळी धरली जाते. स्थिर दूरध्वनीच्या दृष्टीने शिर्डी-कोपरगाव परिसर ०२४२३ या क्रमांकाने ओळखला जातो. नदी, समाधी, बाजार, कांद्याची चाळ यांपैकी काहीही त्या वहीत नाही. तेथे आहेत ते क्रमांक, वेळ, कालावधी आणि दर. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने पुणतांब्यातील आईला केलेला तीन मिनिटांचा फोन त्या वहीत एका ओळीचा असतो. आणि मुलगा व आई वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राहक असतील तर ती ओळ दोन वह्यांत पडते. या दोन ओळी जुळविण्याचे काम म्हणजेच परस्परबिल होय.

मराठीतील दूरसंचारविषयक लेखन प्रायः मोबाईलचे सामाजिक परिणाम किंवा कंपन्यांची स्पर्धा यांभोवती फिरते. हिशेबाचे साधन कोण घडवितो आणि त्या साधनात कोणते निर्णय आधीच घेतलेले असतात, याकडे तांत्रिक बाब म्हणून दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष समर्थनीय नाही. दस्तऐवजाचे वाचन जसे भाषेचा व इतिहासाचा अभ्यासक करतो, तसे या नोंदींचे व करारांचे वाचन करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.

२. मापाड्याचा दृष्टांत

महाराष्ट्रातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कारभार १९६३ च्या कायद्याखाली चालतो. शेतकरी माल आणतो, आडत्याच्या गाळ्यावर लिलाव होतो, व्यापारी माल घेतो आणि वजन मापाडी करतो. मापाडी हा शेतकऱ्याचा नाही, व्यापाऱ्याचाही नाही. त्याला अनुज्ञप्ती समिती देते. त्याच्या काट्याची वेळोवेळी तपासणी होऊन त्यावर वैधमापनशास्त्र यंत्रणेचा शिक्का बसतो. वजन दोन्ही पक्षांच्या डोळ्यांदेखत होते. अखेरीस शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. तीत वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे वेगवेगळे दाखविलेले असते. या व्यवस्थेत गैरप्रकार होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. तथापि गैरप्रकार झाला तर तो कोठे झाला हे दाखविता येते, कारण मोजण्याची कृती, मोजणारा माणूस आणि मोजल्याचा कागद हे तिन्ही दृश्य आहेत.

या व्यवस्थेतून तीन कसोट्या निघतात. पहिली, मोजणाऱ्याचा हितसंबंध कोणत्या पक्षात गुंतला आहे ते माहीत असावे. दुसरी, मोजण्याचे साधन तिसऱ्या अधिकाराने तपासलेले असावे. तिसरी, ज्याचा माल मोजला जातो त्याच्या हाती मोजल्याचा कागद पडावा. परस्परबिलांच्या सॉफ्टवेअर-करारांची चिकित्सा याच कसोट्यांवर करणे उचित ठरेल.

३. नोंद कशी घडते

कॉल जोडला जातो तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या स्विचमध्ये त्याची नोंद तयार होते. कोणी कोणाला फोन केला, कोणत्या जोडमार्गाने केला, तो केव्हा सुरू झाला आणि किती सेकंद चालला, एवढा तपशील तीत असतो. वेगवेगळ्या बनावटीच्या स्विचमधून आलेल्या या नोंदी आधी एका साच्यात आणाव्या लागतात. मग दुबार वा अपुऱ्या नोंदी बाजूला काढल्या जातात. त्यानंतर दरतक्ता लावला जातो : कॉल स्थानिक की परदेशी, मोबाईलवर संपला की स्थिर दूरध्वनीवर, कोणत्या कंपनीच्या क्रमांकावर संपला. अखेर ठरावीक काळाची बेरीज होऊन दोन्ही कंपन्या आपापले आकडे समोरासमोर ठेवतात. फरक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तो सोडून दिला जातो. मर्यादेबाहेर गेला तर नोंदी तपासल्या जातात. वाद मिटला नाही तर २००० मध्ये स्थापन झालेल्या दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे तो नेता येतो.

या साखळीत निर्णयाची जागा कोणती, हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. सेकंद मोजणे हे यांत्रिक काम आहे. पण कॉल 'कोणत्या जातीचा' हे ठरविणे हा अर्थनिर्णय आहे. २००३-०४ च्या सुमारास हे ठळकपणे दिसून आले. परदेशातून येणारे कॉल स्थानिक भासतील अशा क्रमांकाने पुढे पाठविले जातात, असा आक्षेप सरकारी दूरसंचार कंपन्यांनी रिलायन्स इन्फोकॉमवर घेतला आणि दूरसंचार विभागाने त्या कंपनीला दंड केला. परदेशी कॉलवर त्या काळी प्रवेश-तूट शुल्क आकारले जाई, आणि त्याचा हेतूच मुळी तोट्यात चालणाऱ्या, विशेषतः ग्रामीण, स्थिर दूरध्वनीला आधार देणे हा होता. म्हणजे नोंदीतील एका क्रमांकाचा अर्थ बदलला की खेड्यातील तारेसाठी राखलेला पैसा वळत होता. हे शुल्क २००८ मध्ये बंद झाले.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. त्याआधी क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी ओळखता येई. ही खूण मोडल्यावर कॉल कोणाच्या जाळ्यात संपणार हे मध्यवर्ती माहितीसाठ्यावरून ठरू लागले. देशाचे दोन विभाग करून हे काम दोन कंपन्यांकडे सोपविण्यात आले. महाराष्ट्राचा समावेश असलेला विभाग सिनिव्हर्सकडे आला. कॉल करणारी कंपनी आणि घेणारी कंपनी यांच्यामध्ये अशा रीतीने आणखी एक मापाडी उभा राहिला.

४. पुणे आणि भागीदारीचे तीन नमुने

पुणतांब्याहून पुण्याला जाणाऱ्या सुशिक्षित तरुणांपैकी काहींना ज्या कंपन्यांनी काम दिले, त्यांतच या मापाड्याची घडण झाली. त्यामुळे पुण्याचा विचार येथे अप्रस्तुत नाही. या भागीदारीचे स्थूलमानाने तीन नमुने आढळतात.

पहिला नमुना मालकीचा. महिंद्र आणि महिंद्र व ब्रिटनची बीटी यांनी १९८६ मध्ये 'महिंद्र ब्रिटिश टेलिकॉम' ही कंपनी संयुक्तपणे स्थापन केली. कर्वे रस्त्यालगतच्या शारदा सेंटरमधून तिचा विस्तार झाला. बीटी ही एकाच वेळी तिची भागधारक होती आणि सर्वात मोठी ग्राहकही होती. २००६ मध्ये कंपनीचे नाव 'टेक महिंद्र' झाले, त्याच वर्षी तिचे समभाग बाजारात आले आणि २०१२ च्या अखेरीस बीटीने उरलेला हिस्सा विकला. त्याच वर्षी टेक महिंद्राने, भारती समूहातून उगम पावलेली कॉमविवा ही मोबाईल-सॉफ्टवेअर कंपनी ताब्यात घेतली. परस्परबिल व महसूल-सुरक्षा या क्षेत्रातही हाच प्रवाह दिसतो : बंगळूरच्या सुबेक्सने २००६ मध्ये अझ्युर सोल्युशन्स विकत घेतली, ती बीटीमधूनच वेगळी निघालेली होती. तात्पर्य, मापाड्याचे घराणे बऱ्याचदा व्यापाऱ्याच्याच वाड्यातून निघाले आहे.

दुसरा नमुना महसुलाच्या वाट्याचा. मार्च २००४ मध्ये भारतीने माहिती-तंत्रज्ञानाची कामे दहा वर्षांसाठी आयबीएमकडे सोपविली. कराराची संभाव्य किंमत ७५ कोटी डॉलर सांगण्यात आली. यंत्रसामग्रीची ठरावीक किंमत देण्याऐवजी मोबदला भारतीच्या महसुलाशी जोडणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. भांडवल न गुंतविता ग्राहकसंख्या वाढविण्याचा हा मार्ग व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आदर्श म्हणून शिकविला गेला. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. स्वस्त सेवा खेड्यापर्यंत पोहोचण्यात अशा करारांचा वाटा आहे. पण मापाड्याला तोलाईऐवजी विक्रीच्या रकमेतून वाटा दिला, तर त्याचे काट्याशी असलेले नाते तत्त्वतः बदलते. यात कोणाच्या सचोटीवर संशय घेण्याचा प्रश्न नाही. प्रश्न रचनेचा आहे.

तिसरा नमुना सामाईक पुरवठादाराचा. २००७ मध्ये आयडिया व व्होडाफोन एस्सार यांनीही आयबीएमशी अशाच स्वरूपाचे करार केले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन कंपन्यांचे मागील दालन अशा रीतीने एका पुरवठादाराकडे गेले. परस्परबिलांच्या खास सॉफ्टवेअरचा बाजार मुळातच मूठभर कंपन्यांचा आहे आणि तोही आकसत गेला. या क्षेत्रातील अग्रगण्य इंटेक ही ब्रिटिश कंपनी २०१० मध्ये अमेरिकेच्या सीएसजीने घेतली. बिलप्रणालींच्या क्षेत्रात मोठे नाव असलेल्या अ‍ॅमडॉक्सचे विकासकेंद्र पुण्याच्या मगरपट्टा परिसरात आहे आणि तिचे ग्राहक जगभरच्या दूरसंचार कंपन्या आहेत. दोन वह्या स्वतंत्र आहेत म्हणून हिशेब विश्वसनीय, हा परस्परबिलाचा पाया आहे. दोन्ही वह्या एकाच हाताच्या वळणाच्या असतील तर बेरजा जुळतात. पण जुळणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी एक राहत नाहीत.

पहिल्या कसोटीचे उत्तर येथे मिळते. हितसंबंध लपविलेले नव्हते. ते वार्षिक अहवालांत व वृत्तपत्रांत प्रसिद्ध होत होते. मात्र ते गुंतवणूकदाराला सांगितले गेले. ज्याच्या फोनचा हिशेब होत होता, त्याला ते कोणी समजावून सांगितले नाहीत.

५. कोरे पत्र आणि मिस्ड कॉल

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पाठविलेल्या कोऱ्या पत्राची आख्यायिका पुणतांब्यात कोणाला सांगावी लागत नाही. वयाने धाकट्याला आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर असलेल्याला नमस्कार, हे न ठरल्यामुळे पत्र कोरेच गेले, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली. पाठविणारा आहे, घेणारा आहे, मजकूर नाही. तरीही अर्थ पोहोचला.

मिस्ड कॉल हे या पत्राचे आधुनिक रूप म्हणता येईल. 'एसटी आली', 'मोटार सुरू झाली', 'सवड झाली की फोन कर' असे कितीतरी अर्थ ग्रामीण महाराष्ट्राने न उचललेल्या घंटेत साठविले. बिलप्रणालीच्या लेखी त्याचा कालावधी शून्य आणि म्हणून किंमतही शून्य. परंतु कोऱ्या पत्रालाही वाहक लागतो. घंटा वाजत असताना जाळ्याची साधने खर्ची पडतच असतात. शून्य ही वस्तुस्थिती नसून हिशेबाचा संकेत आहे, हे येथे दिसून येते.

हा संकेत २०१९ मध्ये वादाचा विषय झाला. त्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात कॉल संपविल्याबद्दल मिनिटाला ६ पैसे द्यावे लागत. जिओने घंटेचा अवधी कमी केला. अवधी कमी झाला की कॉल अधिक सुटतात, समोरचा ग्राहक उलट फोन करतो, आणि देणेकरी कंपनी घेणेकरी होते, असा एअरटेलचा आक्षेप होता. उलटपक्षी, इतर कंपन्यांचे ग्राहक जिओच्या ग्राहकांना मिस्ड कॉल देऊन त्यांच्याकडून मोफत फोन करवून घेतात आणि त्याचा बोजा आपल्यावर पडतो, असे जिओचे म्हणणे होते. पुढे अन्य कंपन्यांनीही अवधी घटविला. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मोबाईलसाठी ३० सेकंद व स्थिर दूरध्वनीसाठी ६० सेकंद अशी घंटेची मुदत ठरवून दिली.

या वादाचे वैशिष्ट्य असे, की दोन्ही पक्षांनी एकाच कोऱ्या पत्राचे वाचन केले आणि दोघांनाही त्यात केवळ परस्परबिलाची बाकी दिसली. विहिरीवरून चाळीपर्यंत येऊन फोन उचलणाऱ्या वृद्धाला किती सेकंद लागतात, हा मुद्दा हिशेबात कोठेच नव्हता. घंटेचा अवधी ही सॉफ्टवेअरमधील एक संख्या. पण ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे ग्राहकाला ती बदलल्यानंतरच कळले.

६. फोन घेणारा ग्राहक

परस्परबिलाच्या दराचा इतिहास पाहता चित्र अधिक स्पष्ट होते. मे २००३ पासून 'फोन करील तो पैसे देईल' हे तत्त्व लागू झाले व येणारे कॉल मोफत झाले. येणारा कॉल ग्राहकाला मोफत असला तरी त्याच्या कंपनीला तो फुकट नव्हता. समोरची कंपनी त्यासाठी आंतरजोडणी वापर शुल्क देत होती. हे शुल्क फेब्रुवारी २००४ पासून मिनिटाला ३० पैसे, एप्रिल २००९ पासून २० पैसे, मार्च २०१५ पासून १४ पैसे आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाले. १ जानेवारी २०२० पासून ते शून्य व्हायचे होते. ते वर्षभर लांबून १ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत कॉलसाठी शून्य झाले.

उदाहरणादाखल पुणतांब्यातील अशा एका ग्राहकाची कल्पना करता येईल, जो स्वतः क्वचितच फोन करतो, पण ज्याला अन्य कंपन्यांच्या ग्राहकांकडून दररोज सरासरी १० मिनिटांचे फोन येतात. महिन्याची ३०० मिनिटे होतात. २० पैसे दराने त्याच्या कंपनीला त्याच्यामुळे महिन्याला ६० रुपये, १४ पैसे दराने ४२ रुपये, ६ पैसे दराने १८ रुपये मिळतील. शून्य दराने काहीच मिळणार नाही. त्याने एक रुपयाही न भरता तो २०१७ पूर्वी कंपनीला उत्पन्न मिळवून देत होता. त्याच्या वागण्यात काही बदल न होता तो २०१७ नंतर अल्पलाभाचा आणि २०२१ नंतर निव्वळ खर्चाचा ग्राहक ठरला. बदलला तो दरतक्त्यातील एक आकडा.

नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला. तो न केल्यास ठरावीक मुदतीनंतर येणारे फोनही बंद होऊ लागले. खात्यात शिल्लक असताना सेवा बंद करू नये, असे ट्रायने तेव्हा कंपन्यांना बजावले. तथापि दिशा बदलली नाही. एअरटेलचा किमान रिचार्ज २०२१ च्या अखेरीस बहुतेक क्षेत्रांत ९९ रुपयांवर गेला. या बदलाचे संपूर्ण कारण परस्परबिलाचा दर हे नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर झालेली दरघसरण, कर्जाचा बोजा व कंपन्यांचे विलीनीकरण ही कारणे अधिक बलवत्तर होती. परंतु केवळ फोन घेणाऱ्या ग्राहकाचे कंपनीच्या लेखी असलेले मोल परस्परबिलावर उभे होते आणि ते बिल आकसताच त्याच्याकडून थेट वसुली सुरू झाली, हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आंतरजोडणी शुल्क रद्द होण्याने फोन करणाऱ्याचा लाभ झाला, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ पासून जिओचे ग्राहक अन्य जाळ्यांवरील कॉलसाठी मिनिटाला ६ पैसे वेगळे देत होते, ते जानेवारी २०२१ पासून थांबले. शहरातील मुलाचा फोन स्वस्त झाला. खेड्यातील आईचा 'न केलेला' फोन महागला. एकाच कुटुंबाच्या दोन टोकांवर एकाच निर्णयाचा परिणाम उलट झाला आणि बिलाच्या कोणत्याही कागदावर ही देवाणघेवाण लिहिलेली नव्हती.

७. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की दर नियामक ठरवितो; सॉफ्टवेअर केवळ अंमलबजावणी करते, मग पुरवठादाराला दोष का द्यावा? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. दराची जबाबदारी नियामकाचीच आहे. परंतु कोणता कॉल कोणत्या वर्गात मोडतो, अपुरी नोंद टाकून द्यावी की ठेवावी, किती फरक सोडून द्यावा, हे प्रश्न कराराच्या परिशिष्टात आणि सॉफ्टवेअरच्या रचनेत सुटतात. काट्याचा शिक्का खरा असला तरी पारडे कोठे टांगले हे पाहावेच लागते.

दुसरा आक्षेप असा, की दोन कंपन्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवतात, त्यामुळे एकमेकींवर नैसर्गिक अंकुश राहतो. दोन व्यापाऱ्यांमधील हिशेबापुरते हे खरे आहे. पण दोन्ही व्यापाऱ्यांचे एकमत झाले म्हणजे शेतकऱ्याचे हित साधले, असे बाजार समितीचा कोणताही अनुभवी सभासद म्हणणार नाही. शिवाय या हिशेबात आणखी एक पक्ष दडलेला होता. दुसऱ्या कंपनीला प्रत्यक्ष दिलेले शुल्क परवाना-शुल्क आकारण्यापूर्वी महसुलातून वजा होत असे. म्हणजे परस्परबिलाची अचूकता ही सार्वजनिक तिजोरीचीही बाब होती.

तिसरा आक्षेप असा, की लेखापरीक्षणाची तरतूद आधीच आहे. ट्रायने मोजणी व बिलांच्या अचूकतेसाठी २००६ मध्ये विनियम केले, २०२३ मध्ये त्यांची नव्याने मांडणी केली आणि नोंदणीकृत लेखापरीक्षकांकडून तपासणी बंधनकारक केली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचा रोख ग्राहकाला दिलेल्या बिलावर आहे, दोन कंपन्यांमधील बिलावर नाही. प्रीपेड ग्राहकाला ५० रुपयांपर्यंत शुल्क भरून आपल्या वापराचा तपशील मागता येतो. त्यात त्याने केलेल्या कॉलची आकारणी दिसते, त्याने घेतलेल्या कॉलचे त्याच्या कंपनीला काय मिळाले ते दिसत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीवर ही व्यवस्था अपुरी ठरते ती येथे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) परस्परबिलांच्या सॉफ्टवेअर पुरवठ्याला 'भागीदारी' म्हणताना ती कोणाची कोणाशी, हे स्पष्ट केले जात नाही. मालकी, महसुलाचा वाटा आणि सामाईक पुरवठादार या तिन्ही नमुन्यांत भागीदारी कंपनी व पुरवठादार यांच्यात आहे. फोन घेणारा ग्राहक तिच्या बाहेर आहे. मापाडी कोणाशी कशा रीतीने बांधला गेला आहे, हे लेखापरीक्षण अहवालात ग्राहकाला समजेल अशा भाषेत नमूद व्हावे.

(२) देशांतर्गत शुल्क २०२१ पासून शून्य झाल्याने प्रश्न संपला, असे मानणे घाईचे ठरेल. परदेशी कॉलवरील शुल्क कायम आहे, कॉलची वर्गवारी कायम आहे आणि नोंद ठेवणारी यंत्रणाही तीच आहे. उद्या जाळ्यांमधील देवाणघेवाणीची मोजणी मिनिटांऐवजी अन्य कोणत्या एककात झाली, तरी एकक कोणी निवडले हा प्रश्न उरतोच.

(३) दर बदलण्यापूर्वी होणाऱ्या सल्लामसलतीत कंपन्यांचा नफातोटा तपशिलाने मांडला जातो. केवळ फोन घेणाऱ्या ग्राहकावर होणारा परिणाम तितक्याच तपशिलाने मांडणे बंधनकारक व्हावे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटा नको असलेल्या ग्राहकांसाठी फक्त कॉल व संदेश यांचे वेगळे पॅक, कमाल ३६५ दिवसांच्या मुदतीचे, देणे कंपन्यांना बंधनकारक केले. असा वर्ग अस्तित्वात आहे याची ती उशिराने दिलेली कबुलीच होय. त्या वर्गाची गणना आधीच झाली असती, तर २०१८ पासूनचा त्रास काही अंशी टळला असता.

(४) महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा विषय एका विद्याशाखेचा राहत नाही. संगणकशास्त्राचा विद्यार्थी नोंदींची प्रणाली घडविण्यास शिकतो, वाणिज्याचा विद्यार्थी लेखापरीक्षण शिकतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी दरनिश्चिती शिकतो; पण दरतक्ता हा वाचण्याचा व त्यावर आक्षेप घेण्याचा दस्तऐवज आहे, हे कोणत्याच वर्गात सांगितले जात नाही. पुणतांबा परिसरातील विद्यार्थी उद्या पुण्याच्या एखाद्या बिलप्रणालीवर काम करील, तेव्हा त्या तक्त्याच्या एका ओळीत आपल्या गावचा ग्राहक कोणत्या वर्गात घातला आहे, हे विचारण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असावे. बाजार समितीत माल घेऊन जाणारा त्याचा बाप काट्याकडे नजर ठेवून उभा राहतो. त्याच जागरूकतेची गरज येथेही आहे.